नळाची लावणी

नळ लावायला अक्कल लागत नाय. म्हणूनच तो माझ्या हातनं लागला.

भात लावायचा तर बियाणं निवडा, राब भाजा, रोप काढा, चिखल करा, कंबर मोडून घ्या, अन् वर पावसाची मर्जी सांभाळा. नदीकाठच्या ह्या नळाचं तसं नाय. एक गड्डा ओल्या मातीत फेका अन् घरी जाऊन झोपा. चार दिवसांनी बघाल तर बोटभर वर. पंधरवड्यात गुडघ्याला. पावसाळा सरेस्तोवर दोन पुरुष उंच, अन् दिवाळीनंतर तुरा काढून असा डुलतो की बघणाऱ्याला वाटावं, शेत त्याचंच हाय. माझं तर त्याचंच झालं.

दिसायला उसासारखा, पेराला पेर. पण चोखायला जाल तर आत नुसता वारा. माझी बायको कधी बोलायची, "मेला, नुसता उंच वाढलाय, आत काय नाय." मी दचकून बघायचो. नळाला बोलतेय की मला, ते पहिली काही वर्सं कळायचं नाय. पुढं विचारायचं सोडून दिलं.

आमची वस्ती कशेळ्यापासनं थोडी आत, नदीच्या अंगाला. धर्म बदलला त्याला चार-पाच वर्सं झाली असतील, तवा सरकारनं वस्तीतल्या भूमिहीनांना नदीकाठची पड जमीन वाटली. चिठ्ठ्या टाकल्या. माझ्या चिठ्ठीला आलं ते एकच खाचर, त्याच्या एका अंगाला नदी अन् दुसऱ्या अंगाला कातळ. वाटणी करायला आलेला कारकून बोलला, "नशीबवान हायेस. पाण्याला जवळ." पाण्याला इतकं जवळ, की पाणीच दर पावसाळ्यात येऊन हातभर जमीन घेऊन जायचं.

माझी बायको कोंडाण्याकडची. फ्रॉक घालायच्या वयापासनं लोकांच्या चिखलात उभी राहिलेली. तिच्या हातची लावणी म्हंजे सूत धरल्यावाणी. मोठ्या मोठ्या शेतवाल्या बाया मिरगाच्या आधीच तिला सांगून ठेवायच्या, "पहिली आमच्याकडं ये गं." ती जायची. लावायची, बेणायची, कापायची, झोडायची. अन् भात जायचा दुसऱ्याच्या कणगीत. आमच्या घरात रेशनचा तांदूळ, त्याच्यात खडे इतके की जेवताना आमी नवरा-बायको एकमेकांशी बोलायचो नाय, दात सांभाळायचो.

तर ती चिठ्ठी घेऊन मी घरी आलो. तिनं हातात घेतली, उलटीसुलटी करून बघितली. वाचता दोघांनाही येत नव्हतं.

"म्हंजे आता मी लावीन तो भात मीच खाणार?"

"तूच खाणार."

"दर साली?"

"मरेपर्यंत गं."

असा मी. बोलायला काय लागतंय. तिनं मात्र ते धरून ठेवलं. मूलबाळ आमाला झालं नाय. ती दुसरं काही मागणारी बाई नव्हती. आपल्या खाचरातला भात, एवढंच तिचं मागणं होतं, अन् तेवढंच द्यायचं माझ्याकडं होतं.

पहिल्या साली भात झाला. झिनीचं बियाणं तिनं माहेरनं आणलं होतं. थोडाच झाला, पण झाला. नवीन भाताचे तांदूळ सडून तिनं शिजवले अन् कालवण न घेता, मीठसुद्धा न घेता नुसते खाल्ले. मी बोललो, "अगं, सुकट तरी भाज." तर बोलली, "गप बसा वो. मला ह्याची चव बघू द्या."

मला काय चव कळली नाय. भातासारखा भात होता.

आता नदीचं काहीतरी करायला पायजे होतं. ती बोलली, नदीतले दगड उचलून काठाला गडगा रचू. रोज कामावरनं येताना दोघांनी पाच-पाच दगड आणायचे. दोन-तीन वर्सांत होईल. हिशोब सरळ होता. पण मला दगड उचलायचा कंटाळा. अन् कंटाळलेल्या माणसाला फार लवकर अक्कल सुचते.

त्या उन्हाळ्यात मी खालापूरकडं पाताळगंगेच्या काठाला मातीच्या कामावर होतो. तिथं काठाला नळाचं रान. बघितलं, तर जिथं नळ हाय तिथं काठ जागच्या जागी, अन् जिथं नाय तिथं ढासळलेला. मुकादमाला विचारलं, तर बोलला, "ह्याची मुळं एकमेकांत अशी विणलेली असतात की नदीच्या बापाला सुटत नाय." माझ्या डोक्यात उजेड पडला. दगड वाढत नाय, नळ वाढतो. आपण दगड कशाला उचला?

दोन गड्डे खणले, गोणपाटात बांधले अन् एस्टीत बसलो. वर कोंब बाहेर आलेले, हिरवे, कंडक्टरच्या नाकाशी.

"हे काय रं?"

"झाड हाय, मास्तर."

"जिवंत की मेलेलं?"

"जिवंत हाय."

"मंग जिवंताचं तिकीट लागंल. अर्धं काढ."

सगळी गाडी हसली. मीही हसलो अन् अर्धं तिकीट काढलं. पुढं कर्जतला गाडी बदलली, तिथं पुन्हा काढलं. लोकांचं वाटोळं आपोआप चालत घरी येतं. मी माझं तिकीट काढून, मांडीवर बसवून आणलं.

बायकोनं बघितलं. बोलली, "हे गवत हाय."

"गवत नाय, भिंत हाय. वाढणारी भिंत."

"वाढून थांबणार कुठं?"

मी विषय बदलला अन् कुदळ घेऊन गेलो.

तीन वर्सं मी वस्तीतला शहाणा माणूस होतो, हे खोटं नाय. नदीनं हात टेकले. आमच्या नदीला वरच्या वीजघरातनं सुटलेलं पाणी, भर उन्हाळ्यात वाहतं. नळाला आणि काय पायजे? शेजारच्या खाचरांचे काठ तुटत होते, माझा काठ हिरवागार उभा. लोक बघायला यायचे. मी कमरेवर हात ठेवून सांगायचो, हा कुंपणाला चालतो, ह्याची तट्टी विणून वर शेणमाती लिंपली की घराची भिंत, कौलाखाली घातला की उन्हाचा ताप कमी, पोरांना पावा, म्हाताऱ्यांना काठी. काठीचं म्हणाल तर, एका साली जयंतीच्या मिरवणुकीला झेंड्यासाठी मी माझ्या बेटातला सगळ्यात उंच नळ दिला. "बांबू कशाला? माझा घ्या." निघताना झेंडा सगळ्यांच्या वर. पहिला वारा आला अन् नळ मधल्या पेरात मोडला, निळा झेंडा थेट माझ्याच डोक्यावर. पुढं कितीतरी वर्सं जयंती आली की कुणीतरी विचारायचंच, "दादा, औंदा झेंडा तुमच्या डोक्यावर की काठीवर?"

चौथ्या साली बायकोला काठापासनं आठ पावलं आत, भाताच्या मधे एक कोंब दिसला.

तिनं उपटला. वरचा भाग हातात आला, खालचा तसाच. पंधरा दिवसांनी तिथं तीन. तवा ती कुदळ घेऊन बसली अन् खणत गेली. खाली बोटाएवढी जाड मुळं, काठाकडनं सरळ आत येणारी, दोरी टाकल्यासारखी. नदीला धरून ठेवणारी मुळं ती हीच. नदीकडं जायला त्यांना जागा नव्हती, खाचराकडं होती.

त्या उन्हाळ्यात आमी दोघांनी खणून गड्ड्यांचा ढीग काढला, घराएवढा. बायको बोलली, "हे सगळं वर कातळावर नेऊन टाका. तिथं माती नाय, दोन उन्हाळे सुकू द्या. एक तुकडा पण खाली ऱ्हायला नाय पायजे." सरळ सांगितलं होतं. लहान पोराला कळेल असं. पण कातळ चढावर होता, अन् ढीग मोठा. मी बोललो, "नेतो." अन् नेला नाय. आज-उद्या करत वैशाख सरला.

मंग राब भाजायची वेळ आली.

आमच्याकडं भाताचं रोप टाकायच्या आधी तेवढा जमिनीचा तुकडा भाजून घेतात. शेण, पालापाचोळा, गवत, वर माती असं थरानं पसरायचं अन् पेटवायचं. राख होते, तण मरतं, रोप जोमानं येतं. त्या साली टहाळ तोडायला रानात गेलो तर जंगलखात्याच्या शिपायानं कोयताच काढून घेतला. राबाला घालायचं काय? अन् दारात हा घराएवढा ढीग. वाळलेली पानं, वाळलेले नळ, गड्डे. एका दगडात दोन पक्षी. ढीग पण जाईल, राब पण होईल. कातळावर चढायला नको.

ती त्या दिवशी लोकांकडं कामाला गेली होती. मी सगळं पसरलं अन् पेटवलं.

नळ जळताना तुमी ऐकलाय का? पेरात हवा कोंडलेली असते, ती फुटते. फाट, फाट, फाट! सगळी वस्ती बाहेर. शेजारचे आबा, ज्यांचे बैल मी नांगराला घ्यायचो, ते बांधावर येऊन ओरडले, "काय रं, लगीन हाय का कुणाचं?"

"नळाचं लगीन लावतोय, आबा!"

"नवरी कोण?"

"माझं खाचर!"

आमी दोघं पोट धरून हसलो. मी असं काही बोललो की ते खरं होतं, ही माझी जुनी खोड हाय.

वरवरचं जळलं. वरची माती काळी झाली, बघायला झकास. गड्डे आत ओले होते, ते भाजले नाय, नुसते शेकले. पाऊस पडल्यावर मी त्याच्यावर बियाणं फेकलं अन् आबांचे बैल घेऊन वरनं नांगर फिरवला. जे गड्डे आख्खे होते त्यांचे तुकडे झाले. एकाचे दहा. नळाचा तुकडा मरत नाय, डोळा असला की झालं. हे मला नंतर कळलं. मला सगळं नंतरच कळतं.

रोप आलं. असं आलं की मी आबांना हात धरून बघायला नेलं. हिरवंगार, अन् मधे मधे काही रोपं तर वीत-वीत वर गेलेली. मला वाटलं, राबाची कमाल. सारखं दिसावं म्हणून विळ्यानं सगळ्यांचे शेंडे छाटले. तसं छाटतात काही लोक, रोप फार वाढलं की. म्हंजे जे बघून कुणालाही संशय आला असता, ते मी आपल्या हातानं कापून एकसारखं केलं.

लावणीच्या दिवशी पाऊस असा की दोन हातांवरचं दिसत नव्हतं. मी रोप काढून मुठी बांधून फेकतोय, बायको अन् आबांची सून वाकून लावतायत. दोन मुठी लावल्यावर बायको थांबली. डोक्यावरचं इरलं मागं सारलं. एक काडी चिमटीत धरून बघितली.

"अवो, हे पान रुंद हाय."

"खतावलंय ते. राब कसला जोरकस झाला होता."

"मुळाला काहीतरी गाठ लागतीय."

"ढेकूळ हाय. लाव गं, पाऊस बघ."

आबांची सून हसत बोलली, "वहिनी, दादांचा राब हाय तो, भात दोन पुरुष उंच व्हायचा तुमचा."

बायकोनं माझ्याकडं बघितलं. तिला भात माझ्यापेक्षा जास्त कळत होता, सगळ्या पट्ट्याला ठाऊक होतं. तिनं ते पान फेकलं असतं, सगळं रोप बांधावर फेकलं असतं, तर आबांकडनं उरलेलं रोप मागून लावता आलं असतं. पण मी इतका ठाम उभा होतो, पावसात, छाती काढून. आपलं खाचर, आपला नवरा, आपला राब. तिनं मान खाली घातली अन् लावायला घेतलं. सूत धरून. रांगेत. एक पण वाकडी नाय.

नळ एरवी वाटेल तसा उगवतो. सूत धरून, चार-चार बोटांवर, आख्ख्या खाचरात लावलेला नळ दुनियेत फक्त माझ्या शेतात होता. अन् तो तिच्या हातनं लावला गेला. मी लावला असता तर निदान वाकडा लागला असता.

श्रावणात ते दिसायला लागलं. मला वाटलं होतं ती ओरडेल, माहेरी जाईल. ती बांधावर बसली. उशिरापर्यंत बसली. मी मागं उभा राहून दोन-तीन विनोद करून बघितले. शेवटी बोलली, "जावा वो घरी. भात शिजवून ठेवा."

"कुठला?"

"रेशनचा. आणि कुठला?"

त्यानंतरची वर्सं सांगण्यासारखी नाय. आमी खणलं. पेटवलं. म्हशी सोडल्या, त्यांनी कोवळे कोंब खाल्ले अन् जून ठेवले. पानाची धार अशी की तिचे हात दंडापर्यंत चिरलेले असायचे, त्याच हातांनी ती लोकांच्या खाचरात लावणीला जायची. चिखलाचं पाणी चिरांत झोंबायचं, तवा मधेच थांबून हात झटकायची. आबांची सून मला सांगायची, "दादा, वहिनींच्या हाताला कायतरी लावा." मी खोबरेल लावून द्यायचो. नळ लावला तसं तेल लावलं, तेवढीच माझी कामं.

शेवटी कातळाच्या बाजूचा एक कोपरा तिनं राखला. चार खाटा मावतील एवढा. त्याच्याभोवती कमरेएवढा खोल चर खणला अन् दर उन्हाळ्यात चर साफ करायची, आत शिरलेली मुळं कापून ती स्वतः डोक्यावरनं कातळावर नेऊन टाकायची. माझ्यावर सोडलं नाय. त्या कोपऱ्यातनं चार दिवसांचा भात निघायचा. त्यातला अर्धा ती बियाण्याला ठेवायची, उरलेला दिवाळीला शिजवायची.

अन् मी? मी कणग्या विणायला लागलो. नळ चेचायचा, फाकळायचा, उभे-आडवे घालून विणायचा, शेणानं लिंपायचा. बुरुडाचं काम, बघून शिकलो. माझी कणगी नेहमी एका अंगाला झुकायची. कशेळ्याच्या बाजारात कणग्या-खुराडी घेणारे एक चाचा होते, ते लांबनंच ओरडायचे, "आली का तुझी लंगडी? तिला आधी टेकू दे, मंग भाव सांग." पण घ्यायचे. लोक पण घ्यायचे. तर असं झालं, की आख्ख्या पट्ट्याचा भात माझ्या नळाच्या कणग्यांत राहायला लागला, अन् तो नळ जिथं उभा होता तिथं आमचा भात नव्हता. पहिली कणगी मी घरातच ठेवली होती, तिच्यासाठी. सगळ्यात वाकडी तीच. ती रिकामीच असायची, निदान मला तरी तसं वाटायचं. तिच्यावर गोधडी टाकलेली असायची.

पुढं सरकारनं मोठ्या माणसांना शिकवायचा वर्ग काढला, संध्याकाळी समाजमंदिरात. बायको बोलली, "तुमी तरी शिका. कागदावर काय लिवलंय ते कळंल." मी नळाचं पेर तिरकं कापून बोरू केला अन् गेलो. माझ्या नळाचा माणसाला न दुखवणारा तेवढाच एक उपयोग, असं मला वाटलं होतं. वर्सभरात अक्षराला अक्षर लावायला लागलो. त्याच सुमारास तलाठ्याकडनं सातबाऱ्याचा उतारा आणला. ती चुलीपुढं बसलेली. बोलली, "वाचा की. आपल्या शेताचं काय लिवलंय?"

मी बोट ठेवून वाचायला लागलो. माझं नाव वाचलं. गट वाचला. पिकाच्या रकान्यात दोनच अक्षरं होती. प. ड.

"काय वो? थांबलात का?"

आयुष्यात पहिल्यांदा कागद वाचला अन् त्यात हे. मी बोललो, "भात लिवलंय."

"किती अक्षरं हायती?"

"दोन."

तिनं चुलीत लाकूड सारलं. मला वाटलं, फसली. भात पण दोन, पड पण दोन. तलाठी बांधावर येऊन 'पड' असं बोलत लिवून गेला, तवा ती तिथंच चर खणत होती, हे मला कुठं ठाऊक होतं.

मंग तिला दमा लागला. आधी पावसाळ्यात, मंग बारा महिने. कर्जतच्या दवाखान्यात नेलं, सुया दिल्या, गोळ्या दिल्या. त्या उन्हाळ्यात चर साफ करायला ती उठली तर दारातच बसली. बोलली, "औंदा तुमी करा. मुळं कातळावर टाका. काठावर ठेवू नका."

"नाय ठेवत."

खरंच सांगतो, ह्या वेळी मी कातळावर नेली. सगळी. पाठ धरेस्तोवर नेली. पण चर साफ करायला मी उतरलो तो जेठ सरत आला तवा, त्याच्या आधीच मुळं पलीकडं पोचली होती. कोपऱ्यात रोप लावलं त्या महिन्यात भातातनं कोंब वर आले. त्या साली कापायला काय राहिलं नाय. पुढच्या साली लावायलाच जागा नव्हती. मी तिला सांगितलं नाय. ती विचारायची, "कोपरा कसा हाय?" मी सांगायचो, "झकास."

घराला लागूनच खाचर. वारा सुटला की आत ऐकू यायचं, सळसळ सळसळ. ती खाटेवर डोळे मिटून ऐकायची.

"भाताचा आवाज असा नसतो," एकदा बोलली.

"वारा जास्त हाय," मी बोललो.

शेवटच्या पंधरवड्यात तिला काही जाईना. पाणी पण घशातनं परत यायचं. एका सकाळी बोलली, "पेज द्या. आपल्या भाताची."

मी घराबाहेर पडलो. कुठनं आणू? आपला भात असा दुनियेत नव्हता, असं मी धरून चाललो होतो. आबांच्या दारात गेलो. आबा थकले होते, सुनेनं विचारलं नाय कशाला ते. सुपात जुने तांदूळ घातले. तिच्याकडं पण झिनीच होती. मला बरं वाटलं. झिनी ती झिनी, कुणाला कळणार हाय.

मऊ पेज केली. वाटीतनं चमच्यानं भरवली. तिनं एक घोट गिळला. दुसरा तोंडात धरला, बराच वेळ धरला.

"कुठली?"

"आपल्या कोपऱ्यातली."

तिनं मान हलवली. "आबांच्या वरच्या खाचरातली हाय. मी पायावर उभी होते तवाच्या लावणीची." दम खाल्ला. "मीच लावलेली."

मंग भिंतीकडं तोंड केलं. भिंत नळाच्या तट्टीची. वाटीत उरलेली पेज मी प्यालो. मला चव कळली नाय.

तिसऱ्या दिवशी ती गेली. तिरडीला बांबू दोन मिळाले, आडव्या काड्यांना काय मिळेना. कुणीतरी कोयता घेऊन माझ्या खाचरात शिरलं अन् नळ तोडून आणला. मला विचारलं पण नाय. विचारायचं काय, तेवढंच जवळ होतं. मी बघत होतो. हलकी होती ती फार, नळानं पण पेलली.

वैशाखात घर सारवायला काढलं, तवा ती वाकडी कणगी हलवली. गोधडी उचलली. आत तळाला फडक्यात बांधलेलं गाठोडं. सोडलं, तर भात. कोपऱ्यातलं बियाणं. शेवटच्या सुगीचं, दोन-तीन पसे, वाळवून, कडुलिंबाचा पाला घालून ठेवलेलं.

आपल्या खाचरातला भात घरातच होता. मी तो सोडून शेजाऱ्याच्या दारात सूप धरून उभा होतो. तिला ठाऊक होतं. तिनं सांगितलं असतं तर मी पाच मिनिटांत सडून पेज केली असती. पण बोलली नाय. बियाणं खायचं नसतं.

गाठोडं घेऊन आबांकडं गेलो. विचारलं, "आबा, भाताचं बियाणं किती साल टिकतं?"

आबांनी चार दाणे तळहातावर घेतले, एक दातानं फोडला. "पुढच्या पावसाळ्याला पेरलं तर पेरलं. मंग निम्मं पण येत नाय. हे किती सालचं?"

मी सांगितलं नाय. उरलेले दाणे त्यांनी गाठोड्यात परत टाकले.

मिरगाला दारासमोर, जिथं ती भांडी घासायची तिथली ओली माती मी खणली. राब भाजला नाय. हातानं ढेकळं फोडली, मुळं हायत का बघितली, दोनदा बघितली. सगळे दाणे पेरले, एक पण मागं ठेवला नाय. कोंबड्या येऊ नयेत म्हणून तिथंच बसून राहिलो.

आठ दिवस काय आलं नाय. नवव्या दिवशी सकाळी एक हिरवं टोक वर होतं. एकच. मी गुडघ्यावर बसलो, आजूबाजूची माती बोटानं सारली अन् वाकून बघितलं.

पान रुंद होतं.